कोल्हापुरात पाहुण्यांसाठी छोटा धंदा: सुरुवात पहाटे पाचला एसटी स्टँडवरून करा

कोल्हापुरात पर्यटकांच्या जिवावर धंदा करायचा म्हटलं की तीनच गोष्टी डोक्यात येतात: लॉज, मिसळ आणि चप्पल. तिन्हीत पिढ्यान् पिढ्या मुरलेली माणसं बसली आहेत. नवख्यानं तिथं शिरायचं म्हणजे मोठं भांडवल हवं किंवा वडिलोपार्जित जागा हवी. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. मावशीच्या घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या, अंबाबाईच्या मंदिरापासून चार मिनिटांच्या अंतरावर. तिथं सामान ठेवायची आणि अंघोळीची सोय सुरू केली, ती आजही चालू आहे. त्यातून जे शिकलो ते नव्यानं उतरणाऱ्यांसाठी लिहितोय. उदाहरणं कोल्हापूरची आहेत, कारण तेवढंच मला आतून माहीत आहे.

एकच गोष्ट धरून चाला. पाहुण्याला शहरात काय बघायचं ते फोनवर कळतं. त्याचं अडतं ते मधल्या वेळात. गाडीतून उतरल्यापासून लॉजची खोली मिळेपर्यंत, दर्शन झाल्यापासून रात्रीच्या गाडीपर्यंत. छोटा धंदा त्या मधल्या वेळात आहे.

आधी दोन शनिवार आणि एक वही

दुकान शोधू नका, कर्ज काढू नका. दोन शनिवार पहाटे पाचला मध्यवर्ती बस स्थानकासमोर जाऊन उभे राहा. सातनंतर रेल्वे स्टेशनला जा, मुंबईची महालक्ष्मी एक्सप्रेस येते त्या वेळेला. नऊला मंदिराच्या महाद्वारात या. दुपारी रंकाळा तलावावर, संध्याकाळी पुन्हा स्टँडवर. बोलू नका, फक्त ऐका. वहीत तीन रकाने करा: माणसानं काय विचारलं, कुणाला विचारलं, शेवटी काय केलं.

माझ्या वहीत पहिल्या शनिवारी सर्वांत जास्त वेळा लिहिला गेलेला प्रश्न होता, "अंघोळ कुठं करायला मिळेल?" त्यानंतर, "बॅगा कुठं ठेवायच्या?" मग, "आजींना उभं राहवत नाही, बसायला काही आहे का?" चांगली मिसळ कुठं मिळते हे दिवसभरात फक्त दोघांनी विचारलं.

एक कुटुंब अजून डोळ्यांसमोर आहे. स्टँडबाहेरच्या नळावर दोन मुलं दात घासत होती, आई चार बॅगांच्या मध्ये उभी, वडील रिक्षावाल्याशी बोलत होते. लॉजची खोली दुपारी बाराला मिळणार, पण दर्शन अंघोळ करूनच घ्यायचं होतं. शेवटी त्यांनी तीन तासांसाठी पूर्ण दिवसाचं भाडं भरून दुसरी खोली घेतली. तो हिशेब मी तिथंच उभ्याउभ्या लिहिला आणि माझा धंदा त्याच पानावर ठरला.

दुसरी गोष्ट भाषेची. इथं येणारे सगळे मराठी नसतात. बेळगाव-निपाणीपासून पुढचे कन्नड भाविक कायम असतात. तेलुगू भाविकही मोठ्या संख्येनं येतात, कारण तिरुपतीची यात्रा अंबाबाईच्या दर्शनाशिवाय पुरी होत नाही अशी श्रद्धा आहे. तिरुपती देवस्थानाकडून नवरात्रात देवीला मानाचा शालू येतो. तिरुपतीहून हरिप्रिया एक्सप्रेस थेट कोल्हापुरात येते. तरीही गल्लीबोळातल्या पाट्या बघा, मराठी आणि इंग्रजी. माझ्या दारावर चार भाषांत "सामान ठेवण्याची सोय" असं लिहिलं त्या आठवड्यापासून गिऱ्हाईक बदललं. तेलुगू मजकूर मात्र फोनवरून उतरवून थेट रंगवू नका. एखाद्या तेलुगू भाविकाला दाखवून घ्या, मग पेंटरला द्या.

सामान आणि अंघोळ: हा धंदा तपशिलानं

जागा मंदिराच्या किंवा स्टँडच्या पायी अंतरावर हवी. मंदिराजवळ असेल तर कुठल्या दरवाजाकडून माणसं परततात ते पाहा. महाद्वारातून आत गेलेला माणूस घाटी दरवाजानं बाहेर पडला की त्याला दिशा कळत नाही, आणि बॅग कुठं ठेवली ते आठवत नाही. म्हणून पावतीच्या मागे चारही दरवाजे दाखवणारा हातानं काढलेला नकाशा छापून घ्या. खर्च नगण्य आहे, आणि "दादा, सापडत नाही" असे फोन निम्म्यावर येतात.

सामान घेताना काय करायचं ते माझ्या चुकीतून शिकलो. पहिल्याच महिन्यात एकसारख्या दोन निळ्या बॅगा आल्या. मी तोंडओळखीवर विसंबलो. एक कुटुंब दुसऱ्याची बॅग घेऊन गाडीत बसलं, कराड ओलांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं. बॅगेत म्हाताऱ्या माणसाची रोजची औषधं होती. मी मोटारसायकलवरून ती पोचवली, पण त्या काकांचा दोन वेळचा डोस चुकला तो चुकलाच. त्या दिवसापासून हे नियम आहेत आणि ते कुणासाठीही मोडत नाही:

पितळी बिल्ल्यांची जोडी, एक बॅगेला, एक माणसाच्या हातात. प्रत्येक बॅगेचा फोटो मालकासमोर काढायचा. नाव, फोन आणि ओळखपत्राचे शेवटचे चार आकडे वहीत लिहायचे. सोनं, रोकड, लॅपटॉप ठेवायचे नाहीत, हे पाटीवर आणि तोंडानंही सांगायचं. औषधं आणि लहान मुलांचं दूध-पाणी काढून हातातल्या पिशवीत घ्यायला लावायचं. बिल्ला हरवला तर फोटो आणि ओळखपत्र जुळल्याशिवाय बॅग द्यायची नाही, समोरचा कितीही घाईत असला तरी. "ही पिशवी ठेवा, घ्यायला दुसरा येईल" असं म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणायचं. दारात आणि खोलीत कॅमेरा हवा. आणि सुरू करण्याआधी हद्दीच्या पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन धंद्याची माहिती द्या. पुढं काही प्रसंग आला तर तुम्ही अनोळखी राहत नाही.

अंघोळीसाठी बायकांची आणि पुरुषांची सोय वेगळी, मधे पूर्ण भिंत. कडी आतून घट्ट लागणारी. खुंट्या भरपूर, कारण साडी ठेवायला जागा नसली की ती ओल्या फरशीवर पडते. पाण्याला कोल्हापुरात बंब अजून चालतो, पण गल्लीत धूर होतो आणि शेजारी बोलतात. मी सोलर घेतला, आणि ढगाळ दिवसांसाठी गिझर. पाणी गरम नसेल तर पैसे परत. तान्ह्या बाळाला अंग पुसायला एक कोपरा आणि बाळाला पाजायला पडद्यामागं एक खुर्ची ठेवा. त्याचे पैसे घेऊ नका. आमच्या मावशीनं ही खुर्ची ठेवायला लावली. तिच्याइतका विचार मी केला नव्हता.

आता आकडे. हे मांडणीसाठी आहेत, तुमच्या गल्लीत वेगळे येतील. समजा, भाडं ९,००० रुपये, मदतनीस १०,०००, वीज-पाणी ४,०००, साबण, फिनेल, किरकोळ २,०००. महिन्याचा खर्च २५,०००. बॅगेला ३० रुपये, अंघोळीला ५०. शनिवार-रविवारचे आठ दिवस रोज ५० बॅगा आणि २५ अंघोळी. मंगळवार-शुक्रवार देवीचे वार, तेही आठ दिवस, रोज २५ बॅगा आणि १० अंघोळी. उरलेले चौदा दिवस १० बॅगा आणि ४ अंघोळी. बॅगांचे २२,२०० आणि अंघोळीचे १६,८००, मिळून ३९,०००. हातात १४,००० उरतात. पण पावसाळ्यात गिऱ्हाईक निम्मं झालं तर जमा १९,५०० आणि खर्च तेवढाच, म्हणजे साडेपाच हजारांची तूट. म्हणून तीन महिन्यांचा खर्च, ७५,००० रुपये, बाजूला असल्याशिवाय दार उघडू नका. माझं ठाम मत आहे की छोटे धंदे गिऱ्हाईक नसल्यानं जितके बुडतात, त्याहून जास्त हे बाजूचे पैसे नसल्यानं बुडतात.

म्हाताऱ्या माणसांची सोबत

माझ्याकडे जागाच नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी हे काम आहे, आणि मला ते सर्वांत मोलाचं वाटतं. एकदा एक आजी दारात आल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत चपला, दुसरा हात भिंतीला. "लेकरा, जरा टेकू का हितं?" लेक-सून रांगेत उभे होते, आजींना रांगेत उभं राहवत नव्हतं आणि एकटं कुठं बसावं ते कळत नव्हतं. त्या तासभर बसल्या, चहा घेतला. सुनेनं जाताना विचारलं, "तुम्ही माणूस देता का सोबतीला? आमची आणखी चार ठिकाणं आहेत."

मजबूत व्हीलचेअर, एक छत्री, पाण्याची बाटली, घडीचं स्टूल आणि शांत स्वभावाचा माणूस, एवढ्यावर हे काम सुरू होतं. तासाचे किंवा अर्ध्या दिवसाचे पैसे ठरवा. अवघड आहे ते माणूस शोधणं. आजीला हात देताना बगलेत धरून ओढायचं नसतं, कोपराखाली आधार द्यायचा असतो. पायरी उतरताना आपण एक पायरी खाली राहायचं असतं. हे एखाद्या नर्सकडून दोन दिवस शिकून घ्या. मंदिराच्या आवारात खुर्ची कुठपर्यंत नेता येते, कुठल्या दारानं, हे देवस्थान समितीच्या कार्यालयात विचारा आणि सणासुदीला पुन्हा विचारा, कारण व्यवस्था बदलते. आणि "रांग चुकवून दर्शन करून देतो" असं कधीही म्हणू नका. असं सांगून पैसे घेणारे आसपास दिसतील. त्यांच्यात तुमचं नाव एकदा मिसळलं की परत वेगळं काढता येत नाही.

चालत शहर दाखवणं

बहुतेक पाहुणे दर्शन, रंकाळा, न्यू पॅलेस एवढं करून पन्हाळ्याला जातात. मधलं शहर कुणी दाखवतच नाही. दोन-अडीच तासांची, आठ माणसांपर्यंतची फेरी आखा. सगळं दाखवायच्या नादात पडू नका, एक धागा पकडा. राजर्षी शाहूंचा धागा घ्या: भवानी मंडप, १९१२ साली उभं राहिलेलं खासबाग कुस्ती मैदान, दसरा चौकातली वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठीची वसतिगृहं, आणि २६ जुलै १९०२ चा तो आदेश, ज्यानं करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांना निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या. हे सगळं एका दमात चालत दाखवता येतं. दुसरा धागा सिनेमाचा, बाबुराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली तिथून सुरू होणारा. तिसरा तालमींचा.

फेरी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संपवा. म्हैस समोर बांधलेली, धार समोर काढलेली, फेसाळ दूध पेल्यात. शहरातली मुलं आधी नाक मुरडतात आणि मग म्हशीच्या शिंगांकडे बघत निमूट पितात. दूधवाल्याला आधी सांगून ठेवा आणि प्रत्येक पेल्याचे पैसे द्या. तालमीत जायचं तर वस्तादांची परवानगी घ्या, आखाड्यात चपला नकोत, आणि पैलवान म्हणजे फोटोसाठी ठेवलेली वस्तू नव्हे, हे पाहुण्यांना दारातच समजावून सांगा.

पन्हाळा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, त्यामुळे गडावर माहितगार माणसाची गरज वाढणार आहे. पण संरक्षित स्मारकात पैसे घेऊन माहिती सांगायची असेल तर आधी पुरातत्त्व आणि पर्यटन खात्याकडे परवान्याची चौकशी करा. केंद्र सरकारचा 'इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर' हा ऑनलाइन अभ्यासक्रमही आहे. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीला राज्यभरातून गट येतात. त्यांच्या जड पिशव्या शेवटच्या मुक्कामाला गाडीनं पोचवणं, तिथं गरम पाणी आणि कोरडी जागा देणं, हे पावसाळ्यातलं काम आहे, जेव्हा शहरात बाकी सगळं थंड असतं.

चपलेच्या आसपासचं काम

चपलेचं दुकान नको, पण दुकान आणि पाहुणा यांच्यात एक फट आहे. माणूस घाईत, पाय सुजलेले असताना संध्याकाळी चप्पल घेतो. घरी गेल्यावर ती चावते. परत कशी पाठवणार? कारागिरांशी बोलून मापं घेऊन चप्पल करून पाठवायची सोय करा. दोन्ही पायांचा कागदावर आराखडा, बोटांची रुंदी, अंगठ्याचं माप आणि घरपोच कुरिअर. बसली नाही तर एकदा बदलून. सोबत एक चिठ्ठी: पावसात घालू नका, भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं आणि कातड्याच्याच वादीनं शिवण, हे कारागीर समोर करून दाखवतो तेव्हा पाहुण्याला किंमत आपोआप पटते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यामुळे "फक्त आमचीच खरी" असं सांगू नका. करणाऱ्याचं नाव आणि गाव चिठ्ठीवर छापा.

घरी राहायला देणं, गाडी फिरवणं: थोडक्यात

वरची खोली रिकामी असेल तर पर्यटन संचालनालयाकडे 'न्याहारी व निवास' योजनेत नोंदणी होते. परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते. हे न केल्यानं अडचणीत आलेली घरं मी पाहिली आहेत. जेवणात मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा द्या, पण आधी विचारा. दर्शनाला आलेली अनेक घरं त्या दिवशी मांसाहार करत नाहीत.

घरची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं फिरवू नका. वडाप लाइनवर, म्हणजे माणशी भाड्यानं सवाऱ्या भरणाऱ्या खासगी गाड्यांत, तसं चालतं म्हणून आपलंही चालेल हा हिशेब अपघात होईपर्यंतच खरा असतो, त्यानंतर विमा कंपनी हात वर करते. परवाना असलेल्या पिवळ्या पाटीच्या दोन-तीन चालकांशी पक्कं बोलून घ्या. एकेकट्या पाहुण्यांना जोडून जोतिबा-पन्हाळा किंवा नृसिंहवाडी-खिद्रापूर अशी माणशी दराची फेरी लावा. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर शहरापासून साठेक किलोमीटर. एकट्या माणसाला पूर्ण गाडी परवडत नाही म्हणून ते राहून जातं. तिथल्या स्वर्गमंडपाच्या गोल उघड्या छताखाली उभा राहिलेला पाहुणा तुम्हाला नंतर स्वतःहून फोन करतो.

कागदपत्रं आणि पैसा

मोजकेच कामगार असतील तर शॉप अॅक्टखाली ऑनलाइन सूचना दिली की काम भागतं. उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. चहा-नाश्ता देणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी हवी. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. घरात धंदा सुरू केला तर महापालिकेत घरफाळ्याचा आणि महावितरणकडे वीजदराचा प्रश्न येतो. घरमालकाशी हे आधी लेखी ठरवा, नाहीतर वर्षाअखेर फरकाची रक्कम कुणी भरायची यावरून नाती तुटतात. घरगुती गॅस सिलिंडर धंद्याला वापरू नका.

मुद्रा योजनेतलं 'शिशु' कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण आहे. व्हीलचेअर, बिल्ले, रॅक, पाट्या एवढ्यात बसतात. महिलांसाठी पर्यटन विभागाचं 'आई' धोरण आहे. त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं. पर्यटन संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात चौकशी करा. पण कर्ज मिळतंय म्हणून धंदा मोठा करू नका. पहिले सहा महिने एकच सोय चालवा.

कमिशनबद्दल स्पष्ट बोलतो. रिक्षावाले, लॉजवाले, हारवाले "आमचं काय?" असं विचारतील. मी कुणालाच माणशी कमिशन देत नाही, कारण ते शेवटी पाहुण्याच्याच खिशातून जातं. त्याऐवजी रिक्षावाल्यांना दिवसभर पिण्याचं पाणी आणि संडास खुला ठेवला, फुलवाल्या मावश्यांच्या टोपल्या दुपारी विनामूल्य ठेवतो. सुरुवातीला दोन महिने कुणी पाहुणा पाठवला नाही. आता तेच पाठवतात.

वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लावा

शारदीय नवरात्र हा सर्वांत मोठा हंगाम, तेव्हा दोन जादा माणसं लागतात. ती गणपतीतच बोलून ठेवा. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोचतात का ते पाहायला गर्दी होते. म्हणजे त्या दिवसांत सामान संध्याकाळी उशिरापर्यंत सांभाळावं लागतं. डिसेंबरात शाळांच्या सहली येतात, त्यांना घाऊक दर द्या आणि शिक्षकांशी आधीच वेळ ठरवा, नाहीतर पन्नास मुलं एकदम दारात उभी राहतात. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, मग उन्हाळी सुट्टी.

जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेकडे लक्ष ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात महामार्ग बंद पडला आणि पाहुणे शहरात अडकले. तुमच्याकडे कुणाचं सामान असेल तर नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज पाहा आणि पाहुण्याला स्वतःहून फोन करून सांगा, "काका, पाणी वाढतंय, उद्याची वाट बघू नका, आज दुपारच्या गाडीनं निघा." रॅकचा सर्वांत खालचा कप्पा त्या दोन महिन्यांत रिकामा ठेवा.